मदयनचा तराजू आणि आपला धूर

सर्व स्तुती त्या अल्लाहची, ज्याने आकाशाचे छत उभारले, पृथ्वीला जीवमात्रांचे निवासस्थान केले आणि प्रत्येक वस्तू मोजून-मापून निर्माण केली. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सोबत्यांवर.



गेल्या उन्हाळ्यातील एका जुम्याची गोष्ट आहे. वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. नमाज आटोपून लोक पांगले आणि मागच्या सफमध्ये एक तरुण बसून राहिला. जिल्ह्यातील एका पोलाद कारखान्यात तो भट्टीवर काम करतो. त्याचे वडील समुद्रपूर तालुक्यात कापूस आणि सोयाबीन पिकवतात. जुलै 2022 च्या अतिवृष्टीत त्यांच्या शेतात पाणी उभे राहिले. पीक गेलेच, शिवाय बांधाकडची काळी माती खरवडून गेली. त्यानंतर हा मुलगा कारखान्यात लागला आणि त्याच्या पगारावर घर पुन्हा उभे राहिले. तो म्हणाला, “मौलाना, ज्या धुरावर आमचे घर चालते, त्याच धुराने पाऊस बिघडला असे लोक सांगतात. म्हणजे एका हाताने अब्बांना देतो आणि दुसऱ्या हाताने त्यांचेच शेत बुडवतो. माझी कमाई हलाल आहे का?”

मदरशात आठ वर्षे काढली. क्रय-विक्रय, भाडे आणि मजुरी यांची प्रकरणे उस्तादांसमोर बसून वाचली. तरीही त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. “अल्लाह बरकत देवो, बेटा” एवढे म्हणून मी त्याची बोळवण केली. तो उठून गेला. त्याचे समाधान झालेले नाही, हे त्याच्या पाठीकडे पाहूनही कळत होते. आजचे हे विवेचन म्हणजे त्याला त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

उत्तर शोधताना मी पुन्हापुन्हा ह. शुऐब (अ.) यांच्या वृत्तांताकडे वळलो. पवित्र कुरआनात सूरह आराफ, सूरह हूद आणि सूरह शुअरामध्ये तो आला आहे. मदयनचे लोक व्यापारी होते. सूरह हूदमध्ये ह. शुऐब (अ.) आपल्या कौमला सांगतात, की मला तुम्ही सुस्थितीत दिसता, तरीही सर्वांना वेढून टाकणाऱ्या एका दिवसाच्या यातनेची मला तुमच्याविषयी भीती वाटते. यावर थोडे थांबून विचार करा. ही भीती एका उपाशी कौमसाठी व्यक्त झालेली नाही. ती भरभराटीत असलेल्या कौमसाठी आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर मदयनचा विकासदर उत्तम होता. दोष होता तो मापात. ते घेताना भरून घेत आणि देताना कमी देत. मराठीत ज्याला आपण ‘मापात पाप’ म्हणतो, ते हेच. हा वाक्प्रचार बी.ए.च्या वर्गात शिकताना मला किराणा दुकानातील काटामारीच तेवढी आठवत असे.

दुसरी बाब अशी की, सूरह आराफमध्ये माप पूर्ण भरण्याची आज्ञा, लोकांच्या हक्काच्या वस्तू घटवून देण्याची मनाई आणि सुधारलेल्या पृथ्वीत बिघाड (फसाद) माजवण्याची मनाई ही तीनही एकाच आयतीत, एकाच श्वासात आली आहेत. माप खोटे झाले की बिघाड बाजारापुरता राहत नाही, तो जमिनीत उतरतो. सूरह रहमानमध्ये तर आकाश उंच केल्याचा आणि तराजू (मीजान) ठेवल्याचा उल्लेख एकापुढे एक येतो. लगेच, या तराजूत मर्यादा ओलांडू नका, अशी ताकीदही आहे. आकाश आणि तराजू यांची सांगड का घातली असावी, असा प्रश्न मला विद्यार्थिदशेत पडत असे. भाष्यकारांनी मीजानचा अर्थ न्याय असा घेतला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र आज आकाशातही खरोखरच एक वजन वाढत चालले आहे.

ते वजन आपल्याच दारातून कसे निघते ते पाहा. आपल्या जिल्ह्याला जिचे नाव मिळाले, त्या वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळसा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र म्हणतात. 25 कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या वनस्पती दडपल्या जाऊन तो बनला. हा कोळसा चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात जळतो. त्या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. कोळशातील कार्बन जळताना हवेतील प्राणवायूशी जोडला जातो, म्हणून 12 किलो कार्बनापासून 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जाळलेल्या वस्तूहून धूर जड! कोळशापासून एक युनिट वीज बनवताना साधारण एक किलो हा वायू बाहेर पडतो. देशाच्या एकूण ग्रिडमध्ये पाणी, वारा, सूर्य आणि अणू यांची वीज मिसळलेली असल्याने तेथे सरासरी सुमारे 0.7 किलो पडते. पोलादाचे गणित आणखी भारी आहे. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण लोहखनिजातील प्राणवायू काढून घेण्याचे काम बहुतेक ठिकाणी कोळसाच करतो.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. चिमणीतून दिसतो तो काजळीचा धूर. काजळी पावसाने खाली बसते, पण कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात राहतो. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. आज 420 च्या वर आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरून ठेवते, आणि धरलेले कधीतरी एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. समुद्रपूरचे शेत याच मध्य भारतात येते. त्या एका दिवसाचा पाऊस अमुकच चिमणीने पाडला, असे कोणी म्हणू नये. तसे म्हणणे ज्ञानाशीही अप्रामाणिक ठरेल. फासा मात्र भारित झाला आहे, एवढे निश्चित.

आता आर्थिक वाढीकडे येऊ. येथे मला एका गैरसमजापासून सावध राहायचे आहे. काही सज्जन अशा विषयावर बोलताना संपत्तीच त्याज्य ठरवतात आणि गरिबाला गरिबीचे कौतुक ऐकवतात. इस्लामने व्यापार वैध केला. प्रेषित (स.) स्वतः व्यापारी होते. श्रीमंताच्या मालात याचकाचा व वंचिताचा हक्क सांगितला, म्हणजे माल असणे गृहीतच धरले. आर्वी तालुक्यातील ज्या घरात मुलगी दिव्याखाली अभ्यास करते, ज्या दवाखान्यात लस ठेवायला शीतपेटी चालते, तेथे गेलेली वीज ही नेमत आहे. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड पडतो. जगाची सरासरी 4.7 टनांच्या आसपास आहे, अमेरिकेची सुमारे 14. आणि आपल्या उम्मतने मान खाली घालून ऐकावे असे आकडे पुढे आहेत. सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती यांचे माणशी उत्सर्जन अमेरिकेहूनही अधिक आहे, तर कतारचे 35 टनांहून अधिक. तेलाच्या पैशातून काचेचे मनोरे उभे करून वाळवंटात बर्फाची घसरगुंडी चालवायची आणि सूरह रहमानच्या आयती सोनेरी अक्षरांत भिंतीवर टांगायच्या, हे दृश्य मला तरी शोभादायक वाटत नाही. ऑगस्ट 2015 मध्ये इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामा काढला. त्यात सधन राष्ट्रांबरोबर तेलउत्पादक राष्ट्रांनाही स्पष्टपणे हाक दिली होती. ती हाक किती जणांनी ऐकली, हा प्रश्नच आहे.

म्हणून आमच्या चौकातील काका जेव्हा म्हणतात, “गोऱ्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला आणि आता आम्हाला धडे देतात,” तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. आजवर मानवजातीने सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या घरात. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवात आठवा. लोकांकडून घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि इतरांना देताना घटवणाऱ्यांविषयी तेथे विनाशाची वार्ता आहे. आकाश सर्वांचे होते, त्यातील जागा काहींनी आधीच भरून टाकली. हा सरळसरळ मापाचा गुन्हा आहे आणि त्याचे देणे त्यांच्यावर आहे.

पण काका, शेजाऱ्याने काटा मारला म्हणून आपल्या दुकानातला काटा मारण्याची मुभा कोणत्या शरीअतने दिली? आणि ‘भारतीय सरासरी’ या दोन शब्दांच्या पडद्यामागे कोण लपते, हेही पाहिले पाहिजे. दोन बल्ब आणि एक पंखा असलेल्या शेतमजुराचे दोन टन होतच नाहीत. त्याच्या वाट्याची हवा शहरातील कोणाच्या तरी चार गाड्या आणि सहा एसी वापरतात, आणि जागतिक परिषदेत नाव मात्र मजुराचे सांगितले जाते.

मूळ प्रश्न हा आहे, की वाढ होईल तेवढा धूर वाढलाच पाहिजे का? मदयनचा तराजू आज नेमका येथे टांगलेला आहे, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

भारताने ऑगस्ट 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांना कळवले, की 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत आपल्या सकल उत्पादनाची उत्सर्जन-तीव्रता 45 टक्क्यांनी घटवू. सरकारी अहवालाप्रमाणे 2005 ते 2020 या काळात ती 36 टक्क्यांनी घटलीही. ही चांगली कामगिरी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. जून 2025 पर्यंत देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी कोळसा-वायूखेरीज अन्य स्रोतांची झाली, तीही ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. परंतु ‘तीव्रता’ म्हणजे काय, ते आपल्या व्यवहारातील उदाहरणाने समजून घ्या. एका माणसाची मिळकत महिना दहा हजार होती आणि त्याच्या डोक्यावर दहा हजारांचे कर्ज होते. काही वर्षांनी मिळकत चाळीस हजार झाली आणि कर्ज पंचवीस हजार. तो गावभर सांगत सुटला, की माझे कर्ज घटले. पूर्वी मिळकतीच्या रुपयामागे रुपया होते, आता रुपयामागे बासष्ट-त्रेसष्ट पैसे. त्याचे गणित अचूक आहे. सावकाराच्या वहीत मात्र पंचवीस हजारच लिहिलेले आहेत. तीव्रता ही रुपयामागची गोष्ट झाली. आकाश सावकाराच्या वहीसारखे एकूण रक्कम लिहिते, आणि भारताचे कार्बन डायऑक्साइडचे एकूण उत्सर्जन 2005 पासून दुपटीहून अधिक झाले आहे. 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेतही कारखान्यांना दिलेली उद्दिष्टे प्रतिटन उत्पादनामागची आहेत. उत्पादन दुप्पट झाले तर उद्दिष्ट पाळूनही धूर वाढू शकतो.

मग एकूण धूर घटवूनही वाढ झाल्याचे उदाहरण आहे का? आहे. ब्रिटनचे उत्सर्जन 1990 च्या तुलनेत सुमारे निम्मे झाले आणि त्याच काळात त्याची अर्थव्यवस्था सुमारे 80 टक्क्यांनी वाढली. ज्या देशाने जगाला कोळशाचे व्यसन लावले, त्याचे शेवटचे कोळसा वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाले. म्हणजे दोरी तुटू शकते. वाढ आणि धूर हे अल्लाहने एकमेकांशी बांधलेले जुळे नाहीत. तरी हिशेबनीसाने येथेही पान उलटून पाहावे. ब्रिटनने पोलाद, कपडे, यंत्रे बाहेरून घेणे वाढवले. त्यांचा धूर चीनच्या आणि आपल्या खात्यावर पडला. ती बेरीज केली की घट उरते, पण बरीच लहान होते. आणि आता युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम व खत यांच्यावर त्यांच्या धुराप्रमाणे आकार लावला आहे. तराजू अखेर बाजारात आला, हे बरे झाले. पण तो धरला आहे त्याच हातांनी, ज्यांनी दोनशे वर्षे तो वापरला नाही, ही बोच मनातून जात नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाचा काटाही असाच आहे. कोळसा विकला गेला, उत्पन्नात भर. पोलाद झाले, भर. समुद्रपूरकडे पुरात वाहून गेलेला रस्ता पुन्हा बांधला, पुन्हा भर! सोयाबीन बुडाले तेवढे वजा होते, हे खरे. परंतु बांधाकडची जी माती पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली होती, ती कोणत्या स्तंभात वजा झाली? तो स्तंभच वहीत नाही. घेणे भरून आणि देणे घटवून, अशी ही वही आहे.

ही वही चुकीची आहे, असे सांगणारा एक हिशेबनीस आपल्याच वर्ध्यात राहून गेला, आणि आपण त्याला विसरलो. जे. सी. कुमारप्पा (1892–1960) हे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकले, मुंबईत तो व्यवसाय केला, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत आले, तेव्हा त्याची धुरा कुमारप्पांनी वाहिली. भारत छोडो आंदोलनातील कारावासात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तेव्हा कार्बन उत्सर्जन हा शब्द कोणाच्या ओठी नव्हता. तरीही त्यांनी संपत्तीचे दोन प्रकार केले. एक हौदातील पाण्यासारखी, जी उपसली की संपते. कोळसा, खनिज तेल आणि धातू हे त्यातले. दुसरी वाहत्या झऱ्यासारखी, जी मर्यादेत वापरली तर पुन्हा भरते. हौदावर उभारलेली अर्थव्यवस्था माणसांना भांडणाकडे नेते, कारण हौद संपत असतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. मगनवाडीत नुसते ग्रंथलेखन झाले नाही. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप आणि धूर कमी करणारी मगन चूल तेथे तयार झाली. 1938 मध्ये उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे आहे. बजाज चौकातून तेथे चालत जाता येते, आणि तरीही आपल्या मोहल्ल्यातील किती जण कधी तेथे गेले आहेत? मी स्वतः पस्तिशी गाठेपर्यंत गेलो नव्हतो.

मला कुमारप्पांची प्रत्येक गोष्ट पटत नाही. यंत्राविषयीचा त्यांचा संशय आज तसाच्या तसा घेता येणार नाही. ज्या सौरपट्टीवर आपली भिस्त आहे, ती मोठ्या कारखान्यातच बनते आणि तिच्या चौकटीला पोलाद लागतेच. पण वाढ मोजण्यापूर्वी ती हौदातून आली की झऱ्यातून, हे विचारायला त्यांनी शिकवले. सूरह हूदमध्ये ह. शुऐब (अ.) आपल्या कौमला सांगतात, की अल्लाहने शिल्लक ठेवलेले तुमच्यासाठी अधिक चांगले आहे. भाष्यकार याचा अर्थ प्रामाणिक व्यापारातून उरणारा नफा असा करतात. मगनवाडीच्या त्या वास्तूत उभे असताना माझ्या मनात मात्र हा शब्द जमिनीत शिल्लक ठेवलेल्या कोळशाला लागू होत होता. हे माझे मनन आहे, तफसीर म्हणून कोणी घेऊ नये.

आता मदयनच्या लोकांनी दिलेले उत्तर ऐका. त्यांनी ह. शुऐब (अ.) यांना उपरोधाने विचारले, की आमच्या मालाचे आम्हाला हवे ते करू नये, असे तुमची नमाज तुम्हाला शिकवते काय? नमाजचे काम मशिदीत, बाजारात तिने येऊ नये, हा त्यांचा आग्रह. हे वाक्य मी अनेकदा खुतब्यात सांगितले आहे. ते माझ्यावरच उलटेल, अशी कल्पना नव्हती.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मशिदीत चार मोठे एसी बसवले. चंद्यासाठी मीच मिंबरवरून आवाहन केले होते. मे महिन्यात वृद्धांना जुम्याची नमाज जड जाते, हे कारण खरे होते. त्यापूर्वी वाळ्याचे मोठे कूलर होते, छताला चुना होता, खिडक्यांना पडदे होते. एसी आल्यावर चुना मारणे बंद झाले. पाच-सात माणसांच्या जुहरलाही चारही एसी चालू लागले आणि दार उघडे राहू लागले. जुम्यानंतरच्या त्या भेटीत तो तरुण ज्या गार हवेत बसून मला प्रश्न विचारत होता, ती हवा त्याच धुरातून आलेली होती. कमिटीच्या खजिनदारांकडून मी त्या मे महिन्याचे बिल मागून घेतले. 1,640 युनिट. म्हणजे सुमारे साडेअकराशे किलो कार्बन डायऑक्साइड, एका महिन्यात, एका मशिदीचा. हे इबादतीचे उत्सर्जन म्हणून माफ आहे, असे मला कोणत्याही किताबात सापडले नाही. उलट सापडले ते हे, की प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करीत. मुद्द म्हणजे साधारण दोन्ही हातांच्या भरल्या ओंजळीएवढे माप. इबादतीतही माप होते.

प्रेषित (स.) यांनी दिलेला जहाजाचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी तो कथन केला असून सहीह बुखारीत आहे. काही लोक जहाजाच्या वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे, वरच्यांना त्रास होई. म्हणून खालच्यांनी ठरवले, आपल्या वाट्याच्या भागात भोक पाडून पाणी घेऊ. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारे बुडतील, हात धरला तर सारे वाचतील. या हदीसवर बोलताना आपण नेहमी खालच्यांच्या अज्ञानाबद्दल बोलतो. खालच्यांना पाणी हवे होते आणि ते सन्मानाने मिळत नव्हते, इकडे आपले लक्ष जात नाही. भट्टीवरच्या तरुणाला पगार हवा आहे. त्याचा हात धरायचा असेल तर आधी त्याच्या हाती पाणी द्यावे लागेल, म्हणजे कोळशाऐवजी चालणारी भट्टी, नवे कौशल्य आणि तोवरचा रोजगार. शिवाय आजच्या जहाजात भोक पाडण्याचे अधिक काम वरच्या मजल्यावर चालले आहे, हा या काळाचा फरक.

तर, बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तुझी मजुरी हलाल आहे. पोलाद बनवणे हे मुळात वैध काम आहे, नांगराचा फाळ आणि दवाखान्यातील खाट त्यातूनच होते. मद्य गाळण्यासारखे ते स्वतःच निषिद्ध नाही. धुराचे नुकसान हा त्याला चिकटलेला दोष आहे, आणि दोष दूर करण्याची जबाबदारी ज्याच्या हाती जितका अधिकार तितकी. मालक, सरकार, पोलाद विकत घेणारा, त्यानंतर तू. इतरांना नुकसान पोहोचवू नये, हे तत्त्व सर्वांना लागू आहे, पण सर्वांना सारखेच नाही. तुझ्या बाजूला दोन गोष्टी येतात. कधी कोणी तुला धुराची किंवा इंधनाची नोंद खोटी लिहायला सांगितली तर लिहू नकोस, ते मदयनचे काम आहे. आणि विजेवर किंवा हायड्रोजनवर चालणाऱ्या भट्ट्यांचे काही शिकायला मिळाले तर मागे राहू नकोस. बाकी प्रश्न पडला, हे तुझे मन जिवंत असल्याचे लक्षण आहे. लाजावे कोणाला लागले असेल, तर मला.

हे सर्व मी त्याला मशिदीच्या पायरीवर बसून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि मग म्हणाला, “अब्बांनी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मध्ये अर्ज केला आहे. दहा टक्के भरायचे आहेत, ते मी माझ्या पगारातून भरतो आहे.” भट्टीच्या पगारातून सौरपंप! माझ्या साऱ्या फिक्हपेक्षा त्याचा हिशेब पुढे गेलेला होता.

मशिदीत आता एसी जुम्यालाच आणि रमजानच्या तरावीहला लागतात, सव्वीस अंशांवर, दार लावून. चुना पुन्हा मारला. दोन ज्येष्ठ नमाजी माझ्यावर नाराज आहेत. त्यातील एकांनी तर, मौलाना मशिदीत गांधीजी आणतात, असे म्हणून घेतले. त्यांचा राग मी समजू शकतो, पंचेचाळीस अंशांत जुहरला चालत येणे सोपे नाही. त्यांच्यासाठी एक कूलर खास त्यांच्या जागेजवळ ठेवला आहे. दर महिन्याच्या जमाखर्चाच्या फलकावर आता चंदा, पगार, दुरुस्ती यांच्याखाली आणखी एक ओळ असते, विजेच्या युनिटांची. या मे महिन्यात तेथे 610 लिहिले आहे. त्या आकड्यापुढे रुपयांबरोबर किलोही लिहावेत का, यावर कमिटीत अजून एकमत झालेले नाही.